घंटा थांबली की सगळे घरी

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी ती कुणाच्या गळ्यात मारायला बसलेली नाही.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, घड्याळात बारा वाजावे लागतात. इथे तसलं काही नाही. हे घडलं दुपारी, लोक चहाचं आधण ठेवतात त्या सुमाराला. जागा म्हणजे पठारावरची एक वस्ती. तिथे आज माणूस औषधालाही सापडायचा नाही.

घडलं ते माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत. तिच्या तोंडून मी ते इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. त्यातला एकच तुकडा तिला माहीत नव्हता. तो मला माझ्या मोठ्या भावाने, दादाने सांगितला. तो ऐकल्यापासून मला चैन नाही.

आधी वस्तीबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पठारावर काळ्या दगडाची खाण होती. छपरावर घालतात ना, तो पापुद्रे निघणारा दगड. सुरुवातीला नुसते पुरुष आले, ताडपत्रीखाली झोपले. मग त्यांच्या बायका आल्या आणि त्यांनी भांडून घरं बांधायला लावली. सगळ्यात शेवटी चॅपल झालं. छोटंसं प्रार्थनाघर, पुढे पडवी, पडवीच्या कोपऱ्यात घंटेचा मनोरा. ठेकेदाराने नाकारलेल्या दगडांचं बांधलेलं, त्यामुळे त्याची एक भिंत सरळ असेल तर शपथ. खालच्या गावातले पाद्रीबाबा महिन्यातून एकदा वर चढून यायचे आणि धापा टाकत म्हणायचे, "देवाला चालतंय, मग मी कोण बोलणार!"

पण त्या चॅपलमध्ये वेदीच्याही आधी घंटा आली. कारण धुकं.

पठारावरचं धुकं सावकाश उतरत नाही. चालून येतं. आत्ता लख्ख ऊन असतं, आणि वळून बघेपर्यंत स्वतःचे पाय दिसेनासे होतात. त्यात खाण आणि घरं यांच्या मध्ये जुना खड्डा. खोल, पाण्याने भरलेला, कुंपण नाही की काही नाही.

म्हणून धुकं आलं की घंटा सुरू व्हायची. खाणीतले लोक आवाजाकडे तोंड करून चालत यायचे. आवाज एका कानाकडे सरकला की वाट चुकली हे कळायचं. दोर ओढायची पाळी घराघरातल्या बायकांवर यायची. शेवटचा माणूस आत येईपर्यंत थांबायचं नाही. हात सोलवटले तरी नाही.

घंटा थांबली की सगळे घरी. वस्तीतली पोरं हे मुळाक्षरांच्या आधी शिकायची.

आता सगळे आले हे कळायचं कसं? तर कोटांवरून.

पडवीत खुंट्यांची रांग होती. प्रत्येकाची खुंटी ठरलेली. दगडाच्या भुकटीने माखलेले ओले कोट घरात नेले असते तर बायकांनी कोटासकट माणूस बाहेर काढला असता. म्हणून कोट पडवीतच टांगायचे, आत शेगडीपाशी हात शेकायचे, मग घरी जायचं. सकाळी जाताना कोट उचलायचा. दोर ओढणारीचं तोंड भिंतीकडे आणि पाठ दाराकडे असायची. ती अधूनमधून मान वळवून बघायची. रिकामी खुंटी म्हणजे माणूस बाहेर. भरलेली खुंटी म्हणजे माणूस आत.

इतकी साधी पद्धत. कधी चुकली नाही.

एकदाच चुकली.

मावशीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या सकाळी आभाळ स्वच्छ होतं. तिचा नवरा, म्हणजे आमचा काका, कोट न घेताच निघाला होता.

"अगं, एवढं ऊन पडलंय."

"पडू दे. ने म्हटलं ना."

त्याने नेला. नव्या बायकोचं मन कोण मोडणार! त्या कोटाच्या कोपराला तिने आपल्या जुन्या शालीचा तांबडा तुकडा लावला होता. सगळे त्याला चिडवायचे त्यावरून.

काकाचा एक दोस्त होता. सदा खोकायचा, म्हणून नावच पडलं खोकल्या. त्याला बायको नाही, आग्रह करणारं कुणी नाही. ऊन बघून तो कोट न नेताच खाणीवर गेला. त्याचा कोट आदल्या दिवसापासून खुंटीवर तसाच होता.

दुपारी धुकं आलं. पाळी मावशीची होती. तिने दोर धरला.

तिकडे खाणीत खोकल्याच्या अंगात ताप भरला होता. दातावर दात आपटत होते. काकाने आपला कोट काढून त्याच्या अंगावर चढवला. म्हणाला, "तू हो पुढे. मी हत्यारं झाकून आलोच."

खोकल्या आवाजाच्या दिशेने आला. पडवीत शिरला. कोट काढला आणि प्रामाणिकपणे ज्याचा होता त्याच्या खुंटीवर टांगला. आत जाऊन शेगडीपाशी कोसळला.

मावशीने मान वळवून बघितलं...

सगळ्या खुंट्या भरलेल्या. आणि टोकाला तांबडं कोपर, थेंब थेंब गळणारं.

तिचा जीव भांड्यात पडला. तिने दोर सोडला. आत डोकावून बघायला दोन पावलं पुरली असती. पण भिजून आलाय, अंघोळीला पाणी हवं, म्हणून ती मागच्या वाटेने पळत घरी गेली.

पाणी तापलं.

उकळलं.

आटत आलं.

काका आला नाही.

मग ती धावत परत आली आणि तिने दोर धरला तो दुसऱ्या दिवशी लोकांनी सोडवेपर्यंत. खोकल्या बाकावर बसून लहान मुलासारखा रडत होता. "मी त्याची वस्तू त्याच्या जागेवर ठेवली गं, वहिनी. दुसरं काही नाही केलं."

खड्ड्यात गळ टाकले. काही मिळालं नाही. बूटसुद्धा नाही.

वस्तीने दोष कुणालाच दिला नाही. देणार कुणाला? मायेने कोट दिला, इमानाने तो जागेवर टांगला, आनंदाने दोर सुटला. मावशीने मात्र सगळा दोष स्वतःच्या पदरात घेतला. आम्हाला सांगताना ती नेहमी एवढंच म्हणायची, "तो आवाजाकडे चालत होता रे. मी आवाज काढून घेतला."

पुढे खाण बंद पडली. घरं एकेक करून रिकामी झाली. खोकल्या खोकून खोकूनच गेला. मावशी मात्र तिथून हलेना. धुकं आलं की चॅपलमध्ये जायची आणि घंटा वाजवायची. यायला कुणी नव्हतं, तरी. शेवटी दादाने तिला जवळजवळ उचलूनच खाली आमच्याकडे आणलं.

आमच्या घरीही धुक्याच्या दिवशी ती झोपायची नाही. खिडकीशी बसायची. तिच्या मुठी आपोआप मिटायच्या, उघडायच्या. मी लहान होते. मला वाटायचं हात दुखतात. मी तेल लावून द्यायची. ती लावून घ्यायची बिचारी.

मग एक दिवस बातमी आली. चॅपलचं छप्पर धोक्याचं झालंय, घंटा उतरवून खालच्या चर्चमध्ये बसवणार. मजूर उद्या येणार.

मावशी दादाला म्हणाली, "मला एकदा वर ने."

"तुझे गुडघे काय म्हणतात, मावशी?"

"गुडघ्यांना विचारलंय कुणी?"

गाडी खाणीपर्यंतच जाते. पुढे पायवाट. दादा तिला हाताला धरून, थांबत थांबत घेऊन गेला. घरांना छपरं नव्हती. कुणाच्या स्वयंपाकघरात झाड वाढलं होतं. मावशी प्रत्येक घराशी थांबायची. "ही फार भांडायची. हिच्या हाताला चव होती. हिचं पोर आमच्याच अंगणात चालायला शिकलं." दादा हो हो करत होता आणि मनात परतीचा उतार मोजत होता.

चॅपलचं दार सताड उघडं होतं. आत बाकं होती, धुळीने पांढरी झालेली. पडवीत खुंट्या होत्या. रिकाम्या. कोपऱ्यात दोर लोंबत होता. काळा पडलेला, पण धड.

मावशी बाकावर टेकली. वाऱ्याने कुडकुडायला लागली.

"शाल कुठे तुझी?"

"गाडीत राहिली वाटतं."

"आणतो. इथून हलू नकोस."

"राहू दे रे. एवढं ऊन पडलंय..."

हे वाक्य तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. तोवर दादा लांब गेला होता.

ती एकटी बसली. उन्हाचा पट्टा जमिनीवर होता. बाहेर पाखरं ओरडत होती.

मग पाखरं गप्प झाली...

सगळी, एकदम.

उन्हाचा पट्टा पुसला गेला. मावशीने दाराकडे बघितलं. दाराबाहेर काही नव्हतं. वाट नाही, घरं नाहीत, आभाळ नाही. नुसतं पांढरं.

"दादाऽऽ!"

तिचा आवाज उंबऱ्याबाहेर गेलाच नाही. कापसात दाबल्यासारखा तिथेच मेला.

मध्ये खड्डा होता. दादाला ती वाट पाठ नव्हती. तो शहरात वाढलेला, फोनच्या नकाशावर चालणारा. आणि वर फोनला रेंज नाही.

मावशी उठली. गुडघ्यांना विचारलं नाही. पडवीत आली आणि तिने दोर धरला.

पहिल्यांदा घंटा हललीच नाही. मग कुरकुरली. मग वाजली.

मावशी ओढत राहिली. तोंड भिंतीकडे, पाठ दाराकडे. हातांना सगळं आठवत होतं. ओढायचं, सोडायचं. ओढायचं, सोडायचं. मनात एकच गोष्ट होती, माझ्या बहिणीचं पोर माझ्या शालीसाठी गेलंय.

बराच वेळ झाला. हात भरून आले.

मग तिला आवाज आला...

उंबऱ्यावर कुणीतरी बूट आपटले. धूळ झटकायला आपटतात तसे.

"आलास का रे?"

पावलं तिच्या पाठीमागून गेली, आत गेली. बाक करकरलं.

पुन्हा बूट आपटले. पुन्हा पावलं.

पुन्हा.

ओल्या लोकरीचा वास आला. दगडाच्या भुकटीचा आला. हा वास तिने कित्येक वर्षांत घेतला नव्हता. मावशीच्या अंगावर काटा आला, पण तिने मान वळवली नाही. ती म्हणायची, "भीती नाही वाटली गं. आपलीच माणसं होती. मला वाटलं, वळले तर लाजून निघून जातील."

आणि मग आतून, शेगडीच्या बाजूने...

कुणीतरी खोकलं.

तो खोकला तिने हजारात ओळखला असता. मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. दोर ओढता ओढता ती रडत होती. सगळे आले होते. तिची सगळी वस्ती आली होती.

तिला राहवलं नाही. तिने मान वळवून खुंट्यांकडे बघितलं.

खुंट्या भरलेल्या होत्या. काळे, जड, ओले कोट. खाली थेंब पडत होते.

आणि टोकाला...

तांबडं कोपर.

त्याचा कोट.

मावशीची मूठ सैल झाली. आपोआप. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो कोट समोर होता. आत दोन पावलांवर ती सगळी बसली होती. जावं आणि बघावं. एकदाच बघावं. तिचा एक हात दोरावरून सुटलासुद्धा.

पण दादाला खुंटी नव्हती.

तो या वस्तीचा नव्हता. त्याच्यासाठी भिंतीवर कुणी खुंटी ठोकली नव्हती. सगळ्या खुंट्या भरल्या तरी तो बाहेरच होता.

आणि कोटाचं काय सांगावं! कोटाने एकदा फसवलं होतं.

मावशीने सुटलेला हात परत दोरावर घातला, भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले. "एकदा केलं ते पुरे," असं ती मोठ्याने म्हणाली. तळहात सोलले होते, दोर ओला लागत होता. पाण्याने की रक्ताने, तिला कळत नव्हतं. ती ओढत राहिली.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. शेवटी कुणीतरी तिचे खांदे धरले.

"मावशी! मावशी, मी आहे."

दादा. भिजून चिंब, ओठ पांढरे पडलेले. शाल हातात.

तरी तिने दोर सोडला नाही. तिने विचारलं, "कसा आलास?"

दादाने तिथल्या तिथे सांगितलं ते असं. धुक्यात तो भलतीकडेच भरकटला. घंटेचा आवाज चारी बाजूंनी येतोय असं वाटायला लागलं. त्याने पाय पुढे टाकला आणि खाली जमीनच नव्हती. तेवढ्यात कुणीतरी त्याचं कोपर धरून मागे ओढलं. तरुण माणूस होता, दादाहूनही लहान. नुसत्या सदऱ्यावर. सदरा अंगाला चिकटलेला. म्हणाला, "घाबरू नका. आवाज नाकासमोर ठेवा." आणि कोपर न सोडता त्याने दादाला उंबऱ्यापर्यंत आणलं. उंबऱ्याशी विचारलं, "घंटेवर कोण आहे?"

"माझी मावशी," दादा म्हणाला.

त्या माणसाने घंटेच्या आवाजाकडे मान वळवली. मग म्हणाला, "हात दुखले असतील तिचे. तिला म्हणावं, सगळे आले. सोड आता."

मावशीने घंटा चालूच ठेवली.

"आणि तो? तो आत आला का रे?"

आमच्या घरात काकाची गोष्ट कुणाला माहीत नाही? दादाने मावशीकडे बघितलं. तिच्या हातांकडे बघितलं.

"हो मावशी. माझ्या मागोमाग आला. आत आहे तो."

मावशीने दोर सोडला.

घंटा आणखी जराशी हलत राहिली, मग थांबली. मावशी सावकाश वळली. खुंट्या रिकाम्या होत्या. गंजलेल्या, कोरड्या. बाकांवर धूळ होती. पण खुंट्यांखालच्या फरशीवर पाण्याची थारोळी होती. ती दादाने स्वतः बघितली. छप्पर गळतं म्हणाल, तर त्या दिवशी पाऊस नव्हता.

मावशी फरशीवरच बसली आणि म्हणाली, "आला बाई एकदाचा."

दुसऱ्या दिवशी मजूर आले आणि त्यांनी घंटा खाली नेली. मावशीने साधी चौकशीही केली नाही. त्यानंतर ती काही वर्षं जगली आणि खरं सांगते, सुखात जगली. धुकं पडलं की चहा घ्यायची, पांघरूण ओढायची आणि घोरायची. आम्ही तिला चिडवायचो त्यावरून. ती गेलीही झोपेत. चेहरा असा की जणू कुणी दार उघडायला येणारच आहे.

तिला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी दादा मागच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ तो बोटं मोडत होता.

मग म्हणाला, "तो आत आला नव्हता."

"कोण?"

"मी म्हटलं त्याला, चला ना आत, जरा टेका. त्याने उंबऱ्याकडे बघितलं. लहान मूल दुकानातल्या वस्तूकडे बघतं ना, तसं. पाऊल उचललंसुद्धा त्याने. मग मागे घेतलं. मान हलवली आणि गेला परत धुक्यात. खड्ड्याच्या बाजूला. मी हाका मारल्या. त्याने वळून बघितलं नाही."

"मग तिला आत आहे म्हणून का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर तिने दोर सोडला नसता. तिथेच मेली असती ती," दादा म्हणाला. "म्हणून मी सोडायला लावला. तो बाहेर होता, आणि घंटा थांबली. पुन्हा."

त्याने तोंड ओंजळीत लपवलं. एवढा मोठा माणूस, मी त्याला असं रडताना कधी बघितलं नव्हतं.

त्या माणसाला आत का येता आलं नाही, मला माहीत नाही. तो उंबऱ्याशी का अडला, त्याचा कोट आत आला आणि तो का नाही, मी खूप विचार केला. उत्तर सापडत नाही. पण मला खरी धास्ती त्याची नाही.

मावशी गेली ती तो घरी पोचला असं धरून. म्हणजे त्याला शोधायला ती बाहेर जाणार नाही. ती सरळ घरीच गेली असणार, पाणी तापत ठेवून वाट बघत बसली असणार.

आणि तो घरी नाही, हे तिला आता सांगणार कोण?